विश्लेषण : पळून निघालेले जोडपे, एक रात्र आणि एक व्हॅन, ‘एस दुर्गा’ हा छोटा सिनेमा आजही का महत्त्वाचा?

गोंदिया : मध्यरात्र उलटून गेली आहे. सुनसान रस्त्यावर एक तरुण आणि एक तरुणी बॅगा घेऊन उभे आहेत. त्यांना एवढेच करायचे आहे, की रेल्वे स्टेशन गाठायचे आणि मिळेल ती गाडी पकडून दूर निघून जायचे. एक व्हॅन थांबते, आतले दोघे ‘चला, सोडतो’ म्हणतात. ‘एस दुर्गा’ या मल्याळम सिनेमाची गोष्ट एवढीच. मोठा स्टार नाही, गाणी नाहीत, लिहिलेली पटकथाही नाही. तरीही २०१७ मध्ये या सिनेमाने नेदरलँड्समधील रॉटरडॅम महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार जिंकला आणि त्याच वर्षी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवायचा की नाही यावरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सिनेमाची नायिका आहे मराठवाड्याची राजश्री देशपांडे.

‘सैराट’ महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. ‘एस दुर्गा’चे नावही अनेकांनी ऐकलेले नाही. पळून निघालेल्या जोडप्याला खरी भीती कोणाची असते, हा प्रश्न मात्र या छोट्या सिनेमाने फार वेगळ्या बाजूने विचारला. दोन राज्यांच्या सीमेवर असलेल्या आणि मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन असलेल्या गोंदियासारख्या जिल्ह्यात तो प्रश्न परका नाही. सिनेमा काय आहे, वाद काय झाला आणि प्रत्यक्षात अशा जोडप्याला कायदा काय देतो, हे समजून घेऊ.

सिनेमात नेमके काय घडते?

दुर्गा ही उत्तर भारतातून केरळमध्ये आलेली तरुणी. कबीर हा केरळचा तरुण. दोघांची नावे ऐकली की ते का पळत आहेत याचा अंदाज प्रेक्षकाला येतो. सिनेमा ते वेगळे समजावून सांगत नाही. घरचे कोण, भांडण काय झाले, प्रेम कसे जमले, यातले काहीच दाखवलेले नाही.

त्यांना लिफ्ट देणारे दोघे शस्त्रांची ने-आण करणारे किरकोळ गुंड आहेत. ते मारहाण करत नाहीत, उघड धमकीही देत नाहीत. फक्त प्रश्न विचारत राहतात. कुठून आलात? ही कोण? लग्न झाले का? हसत हसत, चेष्टा करत, मध्येच ‘घाबरू नका, आम्ही आहोत ना’ असे म्हणत. दुर्गाला मल्याळम कळत नाही. आपल्याविषयी काय बोलले जात आहे हे तिला शब्दांतून नाही, आवाजातून आणि नजरेतून कळते. जोडपे गाडीतून उतरते, पण बाहेरचा अंधारही सुरक्षित नसतो. मग पुन्हा तीच व्हॅन. ८५ मिनिटांच्या सिनेमात हा फेरा थांबत नाही.

या प्रवासाला जोडून एका मंदिराच्या उत्सवाची दृश्ये येतात. केरळमधील ‘गरुडन तूक्कम’ या विधीत गरुडाचा वेश केलेले भक्त पाठीत आकडे टोचून घेऊन देवीसमोर लटकतात. आपल्याकडच्या बगाडाशी नाते सांगणारा हा प्रकार. एकीकडे देवीसाठी अंगाला वेदना देणारे पुरुष आणि दुसरीकडे देवीचेच नाव असलेल्या मुलीला रात्रभर छळणारे पुरुष, अशी ही मांडणी आहे. दिग्दर्शक त्यावर भाष्य करत नाही, फक्त दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो.

दुर्गाची भूमिका करणारी मराठी अभिनेत्री कोण?

राजश्री देशपांडे मूळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या. कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर त्या जाहिरात क्षेत्रात आणि पुढे अभिनयाकडे वळल्या. ‘अँग्री इंडियन गॉडेसेस’ (२०१५), ‘मंटो’मधील इस्मत चुगताई, ‘सेक्रेड गेम्स’मधील सुभद्रा या भूमिकांनी त्या ओळखल्या जाऊ लागल्या. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील अग्निकांडात मुले गमावलेल्या आईवडिलांची कथा सांगणाऱ्या ‘ट्रायल बाय फायर’ (२०२३) या मालिकेतील त्यांच्या कामाचे मोठे कौतुक झाले. ‘नभांगण फाउंडेशन’ या संस्थेमार्फत त्या मराठवाड्यातील पांढरी आणि इतर गावांत पाणी व शिक्षणाचे कामही करतात.

‘एस दुर्गा’मध्ये त्यांच्या वाट्याला संवाद अगदी कमी आहेत. भूमिका जवळपास पूर्णपणे चेहऱ्यावर आणि देहबोलीवर उभी आहे. कबीरची भूमिका कन्नन नायर यांनी केली आहे.

पटकथा नाही, मग सिनेमा झाला कसा?

दिग्दर्शक सनल कुमार शशिधरन यांनीही कायद्याचे शिक्षण घेतलेले आहे. त्यांचा पहिला चित्रपट ‘ओरालप्पोक्कम’ (२०१४) लोकवर्गणीतून उभा राहिला. दुसऱ्या ‘ओळिवुदिवसत्ते कळी’ला केरळ सरकारचा २०१५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. ‘एस दुर्गा’ हा तिसरा. त्यात कलाकारांना प्रसंग सांगितला जाई आणि संवाद त्यांनी जागेवरच उभे करायचे, अशी पद्धत होती.

कमी पैशांत सिनेमा करायचा तर खर्च कुठे वाचतो, हे या उदाहरणावरून नीट कळते.

• जागा : सेट नाही. एक रस्ता आणि एक व्हॅन.

• वेळ : संपूर्ण गोष्ट एका रात्रीची. त्यामुळे कपडेपट आणि रंगभूषा यांचा खर्च जवळपास नाहीच.

• प्रकाश : पूर्वी रात्रीचे चित्रीकरण म्हणजे जनरेटर, मोठे दिवे आणि ते हलवायला माणसे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांचे सेन्सर अत्यंत कमी उजेडातही चित्र टिपतात. त्यामुळे रस्त्यावरचा दिवा किंवा गाडीचे हेडलाइट यांच्या भरवशावर दृश्य उभे राहू शकते.

• लांब शॉट : कॅमेरा न तोडता कितीतरी मिनिटे चालू राहतो. छायालेखक प्रताप जोसेफ यांचा कॅमेरा व्हॅनच्या आत आणि बाहेर फिरत राहतो.

यातली प्रत्येक काटकसर सिनेमात भीतीच्या कामी आली आहे. शॉट तुटत नाही, म्हणून प्रेक्षकालाही सुटका मिळत नाही. उजेड कमी, म्हणून पुढच्या वळणावर काय आहे ते दुर्गालाही दिसत नाही आणि आपल्यालाही. पैसे जास्त असते तर कदाचित पाठलाग, मारामारी आणि पार्श्वसंगीत आले असते. भीती मात्र कमी झाली असती.

नाव बदलण्याची वेळ का आली?

सिनेमाचे मूळ नाव ‘सेक्सी दुर्गा’. याच नावाने त्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये रॉटरडॅम महोत्सवाचा ‘टायगर’ पुरस्कार मिळवला. पुरस्काराची रक्कम होती ४० हजार युरो.

भारतात मात्र नावावरूनच आक्षेप सुरू झाले. देवीच्या नावामागे असे विशेषण कसे, असा सवाल झाला. सिनेमा देवीवर नाही, ते एका मुलीचे नाव आहे, अशी दिग्दर्शकाची बाजू होती. पूर्व विदर्भात नवरात्रात गावोगावी दुर्गा आणि शारदा बसते आणि त्याच गावांत दुर्गा, शारदा नावाच्या मुलीही राहतात. मंडपातल्या दुर्गेला हात जोडणारा समाज रस्त्यावरच्या दुर्गेशी कसा वागतो, हाच सिनेमाचा विषय होता. वाद मात्र नावापुढे गेलाच नाही.

त्याच वर्षी मुंबईच्या ‘मामि’ महोत्सवासाठी सिनेमाला सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय दाखवण्याची सवलत केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने नाकारली. पुढे नाव ‘एस दुर्गा’ करून आणि काही संवाद म्यूट करून त्याला ‘यू/ए’ प्रमाणपत्र मिळाले.

गोव्यात काय घडले?

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, अर्थात ‘इफ्फी’, २००४ पासून गोव्यात भरतो. त्यातील ‘इंडियन पॅनोरमा’ विभागासाठी देशभरातून आलेले सिनेमे परीक्षक मंडळ निवडते. २०१७ मध्ये घटनाक्रम असा होता :

• दिग्दर्शक सुजॉय घोष यांच्या अध्यक्षतेखालील १३ जणांच्या परीक्षक मंडळाने ‘एस दुर्गा’ आणि रवी जाधव यांचा मराठी सिनेमा ‘न्यूड’ या दोघांची निवड केली.

• नोव्हेंबरमध्ये मंत्रालयाने जाहीर केलेल्या यादीत हे दोन्ही सिनेमे नव्हते. सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. अपूर्व असरानी आणि ग्यान कोरिया हे परीक्षकही बाहेर पडले.

• शशिधरन केरळ उच्च न्यायालयात गेले. २१ नोव्हेंबरला न्यायालयाने सिनेमाची प्रमाणपत्र मिळालेली आवृत्ती महोत्सवात दाखवण्याचा आदेश दिला. केंद्राने अपील केले, पण खंडपीठाने २४ नोव्हेंबरला स्थगिती दिली नाही.

• २७ नोव्हेंबरला परीक्षकांनी प्रमाणित आवृत्ती पुन्हा पाहिली.

• २८ नोव्हेंबरला, म्हणजे महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, सेन्सॉर बोर्डाने सिनेमाची फेरतपासणी करण्याचे ठरवले. पडद्यावरील शीर्षकात ‘एस’नंतर विशिष्ट चिन्हे वापरल्याचा आक्षेप होता. फेरतपासणी होईपर्यंत सिनेमा दाखवता येणार नव्हता. महोत्सव संपला.

इथला तांत्रिक मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. महोत्सवात सिनेमा दाखवण्याचे दोन मार्ग असतात : एकतर मंत्रालयाकडून प्रमाणपत्राची सूट मिळवायची किंवा सेन्सॉरचे प्रमाणपत्रच हातात ठेवायचे. ‘मामि’च्या वेळी पहिला मार्ग बंद झाला. गोव्यासाठी निर्मात्यांकडे दुसरा मार्ग होता, न्यायालयाचा आदेशही होता. मग प्रमाणपत्रच पुन्हा तपासणीसाठी गेले. परीक्षकांनी निवडलेला आणि न्यायालयाने दाखवायला सांगितलेला सिनेमा असा प्रेक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे प्रमाणपत्राचा तिढा सुटला आणि २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला.

‘न्यूड’चे काय झाले?

कलामहाविद्यालयात चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसणाऱ्या स्त्रीची कथा सांगणाऱ्या ‘न्यूड’ला जानेवारी २०१८ मध्ये कोणत्याही कटशिवाय ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले. एप्रिल २०१८ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. म्हणजे महोत्सवातील निवडक प्रेक्षकांसाठी जो योग्य ठरला नव्हता, तो सहा महिन्यांच्या आत सर्वसामान्य चित्रपटगृहांत कायदेशीरपणे चालू होता.

‘सैराट’पेक्षा हा वेगळा कसा?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. आर्ची आणि परश्या कोण आहेत, त्यांची जात काय, गावात सत्ता कोणाची, हे त्यात बारकाईने येते. दोघे हैदराबादला जातात, संसार उभा करतात. धोका घरातून येतो आणि तो घराचाच राहतो.

‘एस दुर्गा’त घर दिसतच नाही. इथला धोका अनोळखी माणसांकडून आहे, तोही मदतीच्या रूपात. पळून निघालेले जोडपे कोणालाही खरे सांगू शकत नाही, पोलिसांकडे जायला घाबरते, घरी फोन करू शकत नाही. ही अडचण समोरच्याला लगेच ओळखता येते. सिनेमातले गुंड बलवान आहेत म्हणून त्यांची हिंमत वाढत नाही. या दोघांच्या मागे कोणी उभे नाही हे त्यांना कळलेले असते, म्हणून वाढते.

जगभरातील सिनेमात हा प्रकार जुना आहे. निकोलस रे यांचा ‘दे लिव्ह बाय नाइट’ (१९४८) आणि टेरेन्स मलिक यांचा पहिलाच सिनेमा ‘बॅडलँड्स’ (१९७३) हे त्याचे नावाजलेले नमुने. जोसेफ एच. लुईस यांच्या ‘गन क्रेझी’ (१९५०) या अल्पखर्चातील सिनेमात बँकेवरच्या दरोड्याचे दृश्य मोटारीच्या मागच्या सीटवर कॅमेरा ठेवून, एकही कट न करता घेतले होते. गाडीत बसवलेला कॅमेरा आणि न तुटणारा शॉट ही तीच युक्ती. फरक असा, की त्या अमेरिकी सिनेमांतील जोडपी गुन्हा करून पळतात. दुर्गा आणि कबीर यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही.

असे सिनेमे छोट्या शहरांपर्यंत का पोहोचत नाहीत?

चित्रपटगृहात सिनेमा लावण्यासाठी वितरक लागतो, जाहिरात लागते आणि पहिल्या तीन दिवसांत गल्ला लागतो. स्टार नसलेल्या, दुसऱ्या भाषेतील सिनेमासाठी छोट्या शहरात हे गणित बसत नाही. मोठ्या शहरांतील फिल्म सोसायट्या आणि महोत्सव यांपलीकडे तो जात नाही.

शशिधरन यांच्या गटाने यावर केरळमध्ये वेगळा उपाय केला होता. ‘सिनेमा वंडी’ म्हणजे सिनेमाची गाडी. पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन ही गाडी गावोगावी गेली आणि ‘ओरालप्पोक्कम’ लोकांना दाखवला गेला. चित्रपटगृह मिळत नसेल तर सिनेमाच प्रेक्षकांच्या दारी न्यायचा.

झाडीपट्टीतील वाचकांना ही कल्पना नवी वाटणार नाही. धानाची कापणी-मळणी आटोपली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. नाटक कंपनी गाडीत सामान भरून आज या गावात, उद्या त्या गावात प्रयोग करते. हजारोंचा प्रेक्षक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतो. तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ (२०२२) या मराठी सिनेमाने याच रंगभूमीची गोष्ट मोठ्या पडद्यावर आणली. म्हणजे प्रेक्षक आहे, गावोगाव फिरण्याची सवयही आहे. नाही ते छोट्या सिनेमाला या वाटेवर आणणारी यंत्रणा.

पळून निघालेल्या जोडप्याला कायदा काय देतो?

सिनेमातील जोडप्याला मदत मागायला कोणीच नाही. प्रत्यक्षात कागदावर तरी चित्र वेगळे आहे.

• वय : मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा असेल तर दोघे स्वतःच्या मर्जीने लग्न करू शकतात. पालकांची परवानगी कायद्याने आवश्यक नाही. सज्ञान व्यक्ती कोणासोबत राहायचे हे लग्नाशिवायही ठरवू शकते. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर मात्र ‘पोक्सो’ आणि अपहरणाच्या तरतुदी लागू होतात. तिची संमती ग्राह्य धरली जात नाही.

• सर्वोच्च न्यायालय : ‘लता सिंह’ प्रकरणात (२००६) आंतरजातीय लग्न केलेल्या सज्ञान जोडप्यांना त्रास होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी पोलीस आणि प्रशासनावर टाकण्यात आली. २७ मार्च २०१८ च्या ‘शक्ती वाहिनी’ निकालात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, २४ तास हेल्पलाइन आणि सुरक्षित निवारा देण्याचे निर्देश दिले गेले.

• महाराष्ट्र : मुंबई उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर राज्याच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये कार्यपद्धती जाहीर केली. त्यानुसार जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष कक्ष आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित गृह, सुरुवातीला शासकीय विश्रामगृहातील खोली, अशी व्यवस्था अपेक्षित आहे.

• दोन धर्मांचे जोडपे : विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार धर्म न बदलता लग्न करता येते. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यानंतर ती कार्यालयात लावली जाते आणि पुढचे ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नावे भिंतीवर लागलेली असताना काढावा लागणारा हा महिना जोडप्यांसाठी सर्वांत धोक्याचा असतो. सुरक्षित गृहाची खरी गरज इथेच पडते.

• राज्याची हद्द : गोंदिया जिल्ह्यातून देवरी किंवा सालेकसाच्या बाजूने निघाले की छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट. हद्द ओलांडली म्हणून संरक्षण संपत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालत नाही. घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली असली, तरी सज्ञान मुलीने ‘मी मर्जीने आले’ असा जबाब दिल्यावर तिला बळजबरीने घरी पाठवता येत नाही.

• लक्षात ठेवायचे क्रमांक : ११२ (तातडीची मदत), १८१ (महिला हेल्पलाइन), १५१०० (मोफत कायदेशीर मदत). महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

वयाचा पुरावा, ओळखपत्र आणि शैक्षणिक कागदपत्रे सोबत असणे यात सर्वांत उपयोगाचे ठरते. मुलगी सज्ञान आहे की नाही, याच एका मुद्द्यावर पोलीस ठाण्यातील पुढची सगळी कारवाई अवलंबून असते.

मग अडते कुठे?

अडते ते विश्वासावर. विशेष कक्ष असला तरी तो आहे हे जोडप्याला माहीत हवे, आणि तिथे गेल्यावर आपल्यालाच प्रश्न विचारून घरच्यांना बोलावले जाणार नाही याची खात्री हवी. ‘एस दुर्गा’त वाटेत पोलीसही भेटतात, पण त्यांना पाहून दोघांची भीती कमी होत नाही. ज्यांच्याकडे जायला हवे त्यांचीच भीती वाटली की माणूस मिळेल त्या गाडीत बसतो.

दुर्गा आणि कबीर स्टेशनवर पोहोचले की नाही, हे सिनेमा सांगत नाही. केरळमधल्या त्या रस्त्यावर रात्रभर गाड्या येत-जात राहतात, दिवे लागलेली घरेही दिसतात. त्या दोघांना थांबून दार ठोठावता येईल असे एकही घर मात्र सापडत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विश्रामगृहातील एक खोली हे काम करू शकते. ती आहे, हे वेळेवर कळले तर.